पाणसळ

मुहर्रकच्या जुन्या गल्लीत, खजुराची काकवी गाळायच्या कोठारात
प्रदर्शन लागतंय. सात जणांचं. विषय : उगम.
मी भिंती बघतोय.
प्रवाळाचे दगड. खिळा सोसत नाहीत,
ठोकला की पीठ होऊन तळहातावर येतात.
म्हणून सगळं वर तुळईला, तंगुसाने.

जमिनीवर पाणसळ ठेवली
तर बुडबुडा धावत गेला एका टोकाला.
लुलवा हसली. मिस्त्री, तुझी पट्टी ठीक आहे,
ही जमीनच मुद्दाम उतरती केलीय.
वर पोत्यांची थप्पी, खाली चर.
खजूर आपल्याच भाराने पाझरायचा
आणि काळा रस चरांतून वाहत
कोपऱ्यातल्या पुरलेल्या रांजणात.
साठ वर्षं झाली बंद होऊन.
मुंग्यांना हे कुणी सांगितलेलं नाही.

अल-तय्यिबने नाईलचा गाळ आणलाय तेरा बरण्यांत,
दोन कस्टमने ठेवून घेतल्या, तेवढी जागा त्याने रिकामी सोडलीय.
रोसालिंडाने घरी पैसे पाठवल्याच्या पावत्या शिवल्यात
एकीला एक. मी म्हणालो, ही तर गोधडी.
तिने तो शब्द तीनदा म्हणून पाहिला.
प्रत्येकाखाली पाटी : नाव, साहित्य, मूळ.

नदीचं मूळ नि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात आमच्याकडे.
इथे तेच विचारलंय,
वर लॅमिनेट करून.

लुलवाची एकच वस्तू. पखाल.
बकरीच्या कातड्याची, वाळून कडक, मानेशी दोरीचा वळ.
पणजोबा मोती काढायचे, पण तहान लागली की
हिच्यासकट बुडी मारायचे.
खाऱ्या समुद्राच्या तळाशी गोडा झरा होता,
त्याच्या तोंडाला पखालीचं तोंड लावायचं,
भरली की आवळायची, मग श्वासाची आठवण करायची.
कुठे होता तो झरा?
तिने हनुवटीनेच दाखवलं, खिडकीबाहेर.
भर टाकली, मग डांबर, मग पांढरे पट्टे.
दोन दिवस माझी पिकअप तिथंच उभी आहे.

मी पट्टी पुसत राहिलो.
मग कसं कोण जाणे बोलून गेलो
की आमचं उलट झालं.
तुमचं पाणी होतं, वर जमीन आली.
आमची जमीन होती, वर पाणी.
कोयनेचं धरण. मी नंतरचा,
मी प्लॉट नंबर एकतीसमध्ये जन्मलो,
गावाला अजून नाव मिळायचं होतं.
आजाने जात्याची खालची तळी खांद्यावरून आणली,
वरची पुढच्या खेपेला म्हणाला.
पुढची खेप झालीच नाही.
एकाच तळीवर आई मिरच्या वाळवायची.
अर्धं जातं म्हणजे काय, हे मला
दुसऱ्यांच्या घरात गेल्यावर कळलं.

लुलवा काही बोलली नाही. बरं झालं.
थोड्या वेळाने विचारलं, हिला तोंड वर ठेवून टांगायचं की खाली?
खाली, मी म्हणालो. भरायला निघाल्यासारखी.
तंगूस ओढला. पखाल फिरली, फिरली,
आणि थांबली ती जमिनीच्या उताराकडे थोडी कललेली.
पट्टी काढावी म्हणून हात खिशात गेला,
तसाच परत आला.

संध्याकाळी माणसं आली, अत्तरं, कॉफीचे इवले पेले.
मी दाराशी, शिडीजवळ.
एक बाई मनामाहून आलेल्या, पैठणी काठाचं जॅकेट,
माझं फोनवरचं बोलणं ऐकून वळल्या.
अय्या, मराठी! मूळचे कुठले तुम्ही?
पाण्याखालचे, मी म्हणालो.
त्या खळखळून हसल्या.
म्हणजे कोकणातले!
हो, म्हणालो,
आणि आतल्या गोधडीचं एक टोक खाली आलं होतं
ते बघायला गेलो.