रेघ

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ताडपत्री काढली.
पंधरा घोड्यांचं इंजिन, मच्छी सोसायटीच्या नावावर,
चार महिने शेडात, टाकी अर्धी.
दोरी सतरा वेळा ओढली.
एकदा खोकलं. मग तेही नाही.

साकोलीहून फत्तू मिस्त्री आला.
कार्बोरेटर खोलला, नाकाशी नेला,
"आंबलं," म्हणाला, ताकाबद्दल बोलावं तसा.
आत बेलफळातल्यासारखा डिंक,
रबरी नळी जळवेसारखी फुगलेली.

मग खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली मागितली.
दोन बोटं पाणी, खिळ्यानं रेघ,
वरून पंपावरचं पेट्रोल.
हलवून बाकावर ठेवली.
आम्ही वाकून पाहत राहिलो,
मी, सचिव यशोदा वलथरे, कुरकुरे खाणारा तिचा पोरगा.
पाणी रेघेच्या वर चढलं.
कोणी ओतलं नव्हतं.

"इथेनॉल हाये न त्याच्यात. पाणी दिसलं
का पेट्रोलचा हात सोडते."
कवडूमामा, ज्याच्या परसात चैतभर मोहाचा वास,
दारातूनच बोलला,
"मले इचारलं असतं तं म्याच सांगतलं असतं.
दारूले पाण्याची ओढ जुनीच."

नागपुरात बिनमिसळीचं मिळते म्हणे,
भाव दीडपट, जाणं-येणं दोनशे किलोमीटर.
यशोदानं वहीत मांडलं:
फेरीला माणशी पन्नास, लेकरांचे वीस,
रविवारी तीस जणं, बदकं उतरली तर साठ.
दोनदा खोडलं.

मला आठवत होती मागच्या सालची कनकी.
माझ्याच धानाची, ट्रकभर, कारखान्यात गेली.
व्यापारी म्हणाला, याचं आता गाडीत जळते.
घरी येऊन मी हसत सांगितलं होतं.
त्याच डिसेंबरात, तलावाच्या ऐन मधात,
एका नव्या जोडप्याला घेऊन इंजिन बसलं.
ती मुलगी विचारत होती, खोल किती आहे?
मी वल्हं शोधत होतो.

शेवटी यशोदा म्हणाली, हेच भरायचं,
पण रोजच्यापुरतं. संध्याकाळी टाकी कोरडी.
पावसाळ्याआधी फक्त एक कॅन नागपूरचा.
वहीच्या शेवटच्या रकान्यात लिहिलं: शिल्लक शून्य.
सोसायटीत शून्य लिहून कोणी हसलेलं
मी पहिल्यांदा पाहिलं.

बाटली अजून शेडाच्या खिडकीत आहे.
पोरगा ती रोज हलवतो,
अन् थांबतो, पाणी पुन्हा रेघेवर येते का ते पाहत.