काट्याजवळचा संगणक

फॅरो बेटांवर, क्लाक्सविकच्या मासळी कारखान्यात
वजनकाट्याजवळ एक संगणक, अकरा वर्षं तसाच.
चालू केला की आधी विचारायचा,
‘कॉफी झाली का?’
हे हानुसनं लिहून ठेवलेलं.
हानुस गेला. प्रश्न राहिला.

अपडेटची खिडकी रोज उघडायची,
योग्वान रोज ‘नंतर’ दाबायचा.
चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?
मीही कानाडोळा केला, खोटं कशाला बोलू.

मग ऑक्टोबरात पलीकडच्या बेटावर
एका गोदामाला कुणीतरी कुलूप घातलं,
आतून, न दिसणारं.
तीन आठवडे त्यांनी कॉड मोजला पेन्सिलीनं,
ओल्या कागदावर आकडे फुटत गेले.
चोर शिरला होता तो
अशाच एका जुन्या, लाडक्या यंत्रातून.

शनिवारी रात्री एकटीच बसले.
एक्केचाळीस अपडेट.
बाहेर वारा पत्रे उचकटतोय,
आत टक्के चढतायत: सात, सात, सात, एकोणीस.
नव्वदला मी पडद्यावर तळहात ठेवला.
कशासाठी, माहीत नाही.

यंत्र पुन्हा उठलं.
निळा पडदा, कोरा.
काट्यावर एक हॅडक ठेवून पाहिला:
दोन किलो तीनशे. बरोबर.

सोमवारी सहाला योग्वान आला,
हातमोजे काढले, बटण दाबलं,
थांबला.
मी पाठमोरी, वायरी गुंडाळत.
बराच वेळ नुसता बर्फ पाडणाऱ्या मशीनचा आवाज.
मग त्यानंच विचारलं,
यंत्राला की मला, कोण जाणे,
‘कॉफी झाली का?’