छाट

पार्क स्टेडियमच्या दगडी पायरीवर
माझ्या मांडीवर सूप: पानं, तंबाखू, दोरा.
रविवारी शाळेला सुट्टी असते, विडीला नसते.

खाली मौनिका बोटं मातीला टेकवते.
शंभर मीटर म्हणजे
माझ्या हातात एक विडी वळूनही होत नाही.
दोरा दातानं तोडून मान वर करावी
तर ती पलीकडं पोचलेली,
कमरेवर हात, धापा टाकत.

पहिले स्पाइक्स दिवाळीच्या बोनसातले,
एक नंबर मोठे, पुढं कापूस कोंबलेला.
त्यातच जिल्हा जिंकली, मग विभाग.
मग बालेवाडी.
तिथं बंदुकीच्या आधीच सुटली.
लाल कार्ड. बाहेर.

परतताना हुतात्मा एक्सप्रेसमध्ये
कुर्डुवाडीपर्यंत बोलली नाही.
मी म्हटलं, अगं, माझ्याही रोज पन्नास
छाट म्हणून जातात.
चेकर डोळ्यांदेखत मोडतो, पैसे कापतो.
दुसऱ्या दिवशी परत हजार वळायच्याच.

"अम्मा," ती म्हणाली,
"तुला हजार असतात.
मला एकच."

यावर काय बोलणार?
डब्यातली कडक भाकरी मोडून
अर्धी तिच्या हातावर ठेवली.

मोहोळच्या अलीकडं सिग्नलला गाडी थांबली.
सगळा डबा पेंगत होता.
सीटखाली
तिचा उजवा पाय तेवढा
थांबला नव्हता.