डावखुरं फावडं

डेव्हनपोर्टच्या गोदीत, चाळीस सालच्या जूनमध्ये,
आमच्या शेजारी एक फ्रेंच बोट येऊन लागली.
तिच्या भट्टीवर एर्वे होता, ब्रेस्टकडचा.
मी जयगडचा, आगवाला. मधे भाषा नाही.
तो दोरीला गाठ मारून दाखवायचा,
मी ती सोडून तीच पुन्हा मारायचो,
मग दोघंही हसायचो, उगीच,
सापडलेल्या चोरांसारखे.

त्याच्या देशानं हत्यार ठेवलं
ती बातमी रेडिओवर आली तेव्हा
मिसेस ट्रेगेन्झा माझ्यासाठी अंडं उकडत होत्या.
घड्याळ विसरल्या. अंड्याचा दगड झाला.
आम्ही तो निम्मा निम्मा खाल्ला.

सारंग अब्बास मुकादमानं रात्री
बिस्किटाच्या डब्याचं झाकण उलटं केलं,
तंबाखूची रेघ ओढली: ही खाडी.
पलीकडे काडेपेटीतल्या काड्या मांडल्या.
"हे शेरबुर. हे ब्रेस्ट. हे लोरियां.
काल आपल्याला पाणी भरू देत होते.
आता तिथनं त्यांच्या पाणबुड्या सुटतील,
आणि विमान इथं पोचेल
हा चहा निवायच्या आत."
मग बोट झाकणाच्या पार वरच्या काठानं फिरवलं,
"आपण आता असे, आयर्लंडच्या डोक्यावरनं.
इथं कोण माल आणतो आता?"
एक काडी हातात उरली होती.
"आणि हे त्यांचं आरमार.
हे कुठं ठेवू, सांगा."
कुणी बोललं नाही.
त्यानं ती कानामागे खोवली.

तीन जुलै. अजून नीट फटफटलं नव्हतं.
फळीवर बूट वाजले, पुष्कळ,
पण हळू, जसं आजाऱ्याच्या खोलीत चालतात.
संगिनी लावलेली गोरी पोरं वर चढली,
आदल्या रात्री ज्यांच्याबरोबर बिअर प्याली
त्यांना झोळीतून उठवायला.
एकाच्या एकाच पायात मोजा.
एक आचारी पिठाचे हात वर करून उभा.
एर्वे अनवाणी, जोडे काखेत.
त्यानं माझ्याकडे पाहिलं की माझ्या मागच्या क्रेनकडे,
ते माझं अजून ठरत नाही.

नऊला सारंगानं हाक मारली:
तिकडची वाफ पडता कामा नये, दोन माणसं द्या.
मी उतरलो. शिडी आमच्यासारखीच, एक पायरी जास्त,
तिथं गुडघा फुटला.
भट्टी कोमट. कुणाचा तरी पाव, अर्धा चावलेला.
फावडं भिंतीला टेकून होतं.
उचललं, तर हाताला बसेना.
दांडा झिजला होता उलट्या अंगानं.
माणूस डावखुरा होता!
दोन आठवडे त्याच्या गाठी सोडत होतो,
आणि एवढं दिसलं नाही मला.

लष्करी माणसं म्हणत होती, आपली बगल उघडी पडली.
मला बगल म्हणजे काय ते त्या फावड्यानं सांगितलं.
शत्रूच्या हाती लागू नये म्हणून
दोस्ताच्या चुलीत आपणच लाकडं सारायची.
आणि सारली मी. कोळशाला काय,
तो कुणाच्याही हातचा पेटतो.

संध्याकाळनंतर कुजबुज आली:
तिकडे आफ्रिकेच्या किनाऱ्याला
आपल्या तोफांनी त्यांचं आरमार नांगरलं होतं तिथंच जाळलं.
किती माणसं, कुणी आकडा सांगेना.
अब्बास मुकादमानं कानामागची काडी काढली,
ओढली, विडी पेटवली,
आणि विझवायची विसरून
बोटाला चटका बसेपर्यंत धरून राहिला.

एर्वेला उत्तरेला कुठं छावणीत नेलं म्हणतात.
आठवडा गेला, माझा डावा खांदा भरून आला.
गोदीचा सुतार म्हणाला, दे, दांडा बदलून देतो,
चार मिनिटांचं काम.
मी म्हटलं, राहू दे. शिकतोय.