तिऱ्ह्याच्या पुलाखाली

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी खेकडे धरायला शिकलो,
सीनेच्या पात्रात, सुंद्रा भोईणीकडून.
ती म्हणाली, "चप्पल काढा आदी.
पायाला दिसत नसंल तर बॅटरीचा काय उपेग?"

अशोक चौकात सव्वीस वर्षं लूम चालवला.
तुटलेला धागा मला आवाजावरून कळायचा.
इथे मात्र प्रत्येक बीळ सारखंच,
आणि तिचा लक्ष्या, वय नऊ,
मागे वळून हसायचा: "काका, ते उंदराचं हाय."

तोंडाशी ओला चिखल असेल तर तो घरी आहे.
कोळ्याचं जाळं असेल तर पुढे चला.
हात सरळ घालायचा नाही,
वरच्या अंगाने, छपराला घासत.
सगळं ऐकलं, पाठ केलं,
तरी पहिल्या तीन रात्री
माझं बोट त्यांनीच धरलं.

चौथ्या रात्री कोपरापर्यंत आत गेलो.
गार. मग कवच.
मग ताण, ताण्याच्या धाग्याचा असतो तसा,
ओढला तर तुटेल, सोडला तर जाईल.
थांबलो. तो दमला.
"माझा!" असा ओरडलो की
पुलावरच्या ट्रकलाही ऐकू गेलं असेल.

सुंद्राने तो उलटा केला,
पोटाची झाकणी नखाने उचलली:
ज्वारीच्या कण्यांएवढी पिल्लं,
पन्नास, शंभर, वळवळणारी.
ती काही बोलली नाही.
परत माझ्या हातात दिला
आणि आपल्या बादलीकडे गेली.

घरी नेले ते दोन लक्ष्याचे.
बायकोला सांगितलं, माझे.
रस्सा झणझणीत झाला होता.