चार हात कमी

पंपाच्या दांड्याला बाबांनी गुंडाळलेली सुतळी
अजून तिथंच आहे, घामानं काळी.
पहाटे पाचला, नळ यायच्या आधी
मी सायकल माधवगंजच्या गल्लीत काढते.
स्टँड खट्कन लागतो
आणि वरून बिडवईकाकू विचारतात,
"झाली का गं तुझी पूजा?"

कुठली? वॉशर कोरडा आहे अजून.
चामड्याचा तो चिमुकला पेला
सरसोंच्या तेलाचे दोन थेंब प्यायल्याशिवाय
हवा ढकलत नाही, नुसता खोकतो.
मग पाय पट्टीवर, पाठ सरळ,
आणि हात मोजायचे, मोठ्यानं,
कारण आत खाटेवर बाबा ऐकत असतात.

त्यांचा अंगठा लष्करात प्रसिद्ध होता.
मिल सुरू होती तेव्हा दुसऱ्या पाळीचे लोक
सायकली ओळीनं लावायचे, आणि हा माणूस
टायर दाबत जायचा, आंबे बघावेत तसा:
हा कच्चा. हा झाला. हा आज दगा देईल.
टायरच्या कुशीवर उठावाचा आकडा असतो,
तो ते कधी वाचायचे नाहीत.

गेल्या ज्येष्ठात मी शहाणपणा केला.
उशीर झाला होता. पेट्रोल पंपावरच्या पोरानं
कॉम्प्रेसरची नळी लावली, टर्रर्र, दोन सेकंद,
टायर दगड. काय पळाली सायकल कंपूपर्यंत!
लॅबच्या भिंतीला टेकवली, सावलीत.
सावली बारा वाजता निघून गेली.
सव्वाबाराला असा बार उडाला
की शेजारच्या बँकेचा गार्ड बंदुकीसकट
आधी खुर्चीमागे बसला, मग बाहेर आला.
नशीब, रक्ताच्या नळ्या मी आत दिल्या होत्या.

रमजानी उस्तादांनी फाटकी ट्यूब बोटावर लटकवली.
"बेटी, हवा भी धूप में फैलती है.
उसके लिए जगह छोड़ा करो."
टायरच्या आतून त्यांनी चिंधी फिरवली, हळूच,
बाभळीचा काटा आत दडलेला असला
तर तो आधी बोटाला सापडतो म्हणून.
एका आऱ्याचं डोकं वर आलं होतं, कानशीनं घासलं.
रिमवरची पट्टी सारखी केली.
टायर हातानंच चढवला, पान्यानं नाही,
पाना ट्यूबला चावतो.
थोडीच हवा. मग चाक फिरवत दोन्हीकडून चिमटणं,
कुठं ट्यूबनं जीभ बाहेर काढलीय का?
मग उरलेली.
वॉल्व्हवर थुंकी. बुडबुडा नाही.
ट्यूब धरून दोनशे दहा.

घरी मी काही बोलले नाही.
बाबांनी नवं रबर वासावरून ओळखलं
आणि जेवताना दुसरीकडे बघून हसले.

माघात त्यांची उजवी बाजू गेली.

आता रोज आधी त्यांच्या दंडाला पट्टा,
रबरी फुगा दाबत काटा चढवायचा,
फुस्स,
आकडा वहीत.
मग सायकल आत आणते, चाक खाटेला टेकेल अशी,
आणि त्यांचा उजवा हात उचलून टायरवर ठेवते.
अंगठ्याला काही कळत नाही.
तरी ते कपाळाला आठ्या घालतात, दाबतात,
म्हणजे दाबत असावेत,
बराच वेळ.
"आज... ऊन?"
"शेहेचाळीस सांगितलंय."
"मग चार हात... कमी."

लॅबमधल्या विहंगनं घड्याळवाला पंप घेऊन दिलाय.
तो माळ्यावर आहे, खोक्यात.

मी आटा अर्धा फेरा सैल करते.
पहाटे भरलेली हवा खोलीत परत येते,
गार, रबराच्या वासाची,
चार हात, साधारण.
आवाज थांबेपर्यंत बाबांचे डोळे मिटलेले.
मी आटा कसते, टोपी लावते.

"मागचं," ते म्हणतात, "मागचंही बघ."