तासाभराचा उतार

कुरेसारेच्या इस्पितळात सकाळी सातला, बाहेर मिट्ट काळोख,
वेल्वे आली काठी टेकत,
कुणावर तरी रागावल्यासारखी.
गुडघा टम्म. सुगड पालथं घातल्यासारखा.

"चाळीस वर्षं बेटावर टपाल वाटलं, सायकलवरून.
झिजला असेल. त्याला रक्त कशाला?
दुखतंय खाली, टोचताय वर."

मी दंडाला पट्टा आवळला.
शीर लाजरी, दुसऱ्या खेपेला सापडली.

एक नळी उभी ठेवायची तासभर,
लाल पेशी किती खाली उतरतात ते पाहत.
निरोगी रक्त आढेवेढे घेत बसतं.
वेल्वेचं बसलं धपकन. अठ्ठावन्न.
म्हणजे आग आहे.
कशानं लागली, ते ही नळी सांगत नाही.

युरिक ॲसिड ठीक. संधिवाताचा घटक नाही.
चौथ्या दिवशी टार्टूहून उरलेली ओळ आली:
गोचिडीच्या रोगाची प्रतिद्रव्यं, भरपूर.

"मला गोचीड चावलीच नाही कधी."
मग गप्प.
मग काठीच्या मुठीशी बोलल्यासारखं,
"जूनमध्ये जुनिपरच्या झुडपांत पडून होते एकदा.
एन्डेल गेला त्या आठवड्यात.
घर पाहुण्यांनी भरलेलं,
रडायला जागा नव्हती."

मी कागदावरचं तिचं नाव पुन्हा वाचलं,
उगाच.
गोळ्या अठ्ठावीस दिवस, म्हटलं,
दुधासोबत घेऊ नका.

दारात थांबून तिनं गुडघ्यावरून हात फिरवला,
फार उशिरा पोचलेल्या पाकिटावरचा
शिक्का वाचावा तसा.